बिल्ला नंबर चारशे सतरा

मद्रास

मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता कावेरी वारली. मी ग्रंथालयात होतो. बिल्ला माझ्या खिशात होता.

कावेरी माझी पत्नी. बावीस वर्षांचा संसार; आम्हाला मूल नव्हतं. मी तांबरमच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि माम्बलमला राहतो. आम्हा दोघांची घराणी तंजावरची मराठी, पण कावेरी वाढली कोलारच्या सोन्याच्या खाणींवर. त्या गावाला सगळे के.जी.एफ. म्हणतात. तिचे वडील तिथे कारकून होते. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला होता. रुपयाहून थोडा मोठा, वर भोक, मधे ठोकलेला आकडा, ४१७. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने वरवंट्याने दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकला आणि बिल्ला त्यावर अडकवला. माझी आई तेव्हा होती. ती म्हणाली, "सून आली की सुतार आला?"

नियम असा होता. बाहेर पडताना मी बिल्ला खिळ्यावरून काढायचा आणि खिशात ठेवायचा. घरी आलो की माझ्या हाताने परत लावायचा. ती कधी लावत नसे. एकदा मी तापाने फणफणत आलो, कोट फेकला आणि आडवा झालो. ती उशाशी येऊन उभी राहिली.

"उठा. बिल्ला लावा."

"तूच लाव की. मला ताप आहे."

"ताप हाय ते खरं. बिल्ला खिशात हाय, ते पण खरं."

मी उठलो, भिंत धरत गेलो, लावून आलो. मग तिने कपाळावर पट्टी ठेवली. आधी नाही.

कुणाचा आहे म्हणून विचारलं की ती म्हणे, "एका माणसाचा." एवढंच. आणखी खोदलं तर, "आपला नव्हे तो. परत द्यायचा हाय." कधी, कुणाला, ते तिने सांगितलं नाही. मला शब्दांची चौकशी करायची सवय आहे, माणसांची नाही. मीही सोडून दिलं. खाणीवर जाऊन येऊ असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची आणि दर उन्हाळ्यात ग्रंथालयाची मोजदाद निघायची.

त्या मंगळवारी कॉलेजात फोन आला. घरी पोचलो तेव्हा दारात माणसं होती. खिळ्याकडे माझं लक्ष गेलं नाही. चौदाव्या दिवशी कोट धोब्याला देताना खिशात हात घातला, तेव्हा बिल्ला हाताला लागला.

तो खिळ्यावर लावायला हात होईना. ज्याचा त्याला परत द्यावा, तर तो कुणाचा ते ठाऊक नाही. के.जी.एफ.मध्ये माझ्या ओळखीचं एकच माणूस उरलं होतं, सासऱ्यांच्या हाताखालचे कारकून शेषगिरी राव. त्यांना पत्र टाकलं, आकडा लिहिला, चौकटीतल्या खिळ्याचंही लिहिलं. उत्तरादाखल कार्ड आलं. "या. ही कार्डावर लिहायची गोष्ट नव्हे."

वाटेत

निघण्याआधी ग्रंथालयात त्या मुलखाबद्दल जे सापडलं ते वाचून काढलं. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणूनही. फार जुन्या काळी कुणीतरी तिथे खडक फोडून सोनं काढलं होतं; ते कोण, हे नक्की कुणाला माहीत नाही. मग शेकडो वर्षं गावातल्या बायका ओढ्याची माती लाकडी ताटात हलवून कणभर सोनं काढत. नंतर गोरे आले, विहिरीसारखे सरळ खाली जाणारे मार्ग खणले. खाली उतरायला माणसं आणली ती उत्तर अर्काट जिल्ह्यातून, गावाबाहेरच्या वस्तीतली. जमीन नसलेली, गावच्या विहिरीला हात न लावू दिलेली तमिळ माणसं. सोनं पेट्यांत भरून आगगाडीने जाई, तिथून बोटीने. एका जाड अहवालाच्या शेवटी शब्दसूची होती. तिच्यात 'मजूर' शोधलं, तर 'माल' पाहा असं लिहिलेलं होतं. 'माल'खाली लाकूड, सुरुंगाची दारू, तेल आणि मजूर.

मद्रास सेंट्रलहून सकाळची गाडी घेतली. जोलारपेट्टैपर्यंत उकाडा आपला ओळखीचा. तिथून गाडी चढणीला लागली आणि खिडकीतून येणारा वारा बदलला. समोरच्या बाकावर एक बाई होती, मांडीवर फणसाचं टोपलं. मी कुठे चाललो ते तिने विचारलं. सांगितलं.

"कोण आहे तिथे?"

"बायकोचं माहेर."

"आणि बायको?"

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, टोपल्यातून फणसाचे चार गरे काढून माझ्या हातावर ठेवले आणि बंगारपेट येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

उरिगाम

बंगारपेटला गाडी बदलली. फाट्यावरची छोटी गाडी माळावरून जाते. मग एकाएकी डोंगर दिसू लागतात. राखाडी-पांढरे, सपाट माथ्याचे, एकही झाड नाही. कावेरीने वर्तमानपत्राच्या समासात हे डोंगर कितीदा काढले होते. मी समजत होतो तिला डोंगर काढता येत नाहीत. ते डोंगर नव्हतेच. खालून काढलेला खडक दळून, त्यातलं सोनं सायनाइडने धुऊन घेतलं की जो गाळ उरतो त्याचे ढीग. ऐंशी वर्षांचे.

ते जवळून पाहावे म्हणून राव राहतात त्या उरिगामच्या एक स्टेशन आधीच उतरलो. हा शहाणपणा अंगाशी आला. ढिगाच्या पायथ्याशी कोरडी वाळू समजून बसलो, तर आत ओल होती. उठलो तेव्हा धोतराला मागे मोठा राखाडी डाग. त्यातच वारा सुटला आणि डोळे, कान, पिशवीतली पुस्तकं, सगळ्यावर पिठी बसली. तसाच दोन मैल चालत रावांच्या दारात उभा राहिलो.

राव साठीचे, लुकडे, कानावर पेन्सिल. क्षणभर ओळख पटली नाही. मग म्हणाले, "या जावईबापू! सोनं घ्यायला आला की लावून घ्यायला? ते धोतर काढा आधी. विष हाय ते. अंबा, यांना पाणी दे गे, अंगणातच!"

अंबाबाई, त्यांची पत्नी, घंगाळ घेऊन आल्या. माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि हसू आवरताना रडू लागल्या. कावेरी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

जेवायला डांगर केलं होतं. आमच्या मद्रासच्या घरात कावेरी करी तसंच, उडदाच्या पिठाचं, वर हिंगाची फोडणी. पहिल्या घासाला मी थांबलो. अंबाबाईंनी विचारलं, "मीठ कमी?" मी मान हलवली.

दुसरा भात वाढत होत्या तेव्हा जमीन हलली. भूकंपासारखी नव्हे, पायाखालून कुणी एकच ठोसा द्यावा तशी. कपाटातले पेले किणकिणले. राव हातात घास धरून तसेच बसले. अंबाबाई पळी धरून. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. रस्त्यावर सायकलवाला उतरून उभा राहिला. सगळं गाव कान देऊन होतं. किती वेळ गेला कळलं नाही. मग रेडिओ पुन्हा सुरू झाला, आणि अंबाबाईंनी भात वाढला.

"काय झालं?"

"खाली खडक फुटला," राव म्हणाले. "दोन मैल खोल गेलं की खडकाला वरचं वजन सोसत नाही. आपोआप फुटतो. भोंगा झाला नाही, म्हणजे तिंगे खाली माणूस नव्हता. जेवा."

आपल्याकडे घरातून निघणारा 'येतो' म्हणतो. तमिळ माणूस 'जाऊन येतो' म्हणतो. इथे खाणीवर निघालेला काहीच बोलत नाही आणि त्याला कुणी विचारत नाही. ही गोष्ट मी दोन दिवसांत नीट पाहिली. बायका दारात येतात, डबा देतात, आत जातात.

जेवण झाल्यावर मी बिल्ला काढून रावांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. पेन्सिलीच्या टोकाने आकड्याकडे वळवला आणि म्हणाले, "उद्या. जागेवर नेऊन सांगतो. हिंगे नको, अंबा ऐकते."

खिडकी

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाणीच्या फाटकाशी नेलं. कंपनी जाऊन सरकार आलं होतं, पण खिडकी तीच, असं राव म्हणाले. खिडकीमागे भिंतभर फळी आणि फळीवर खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक खिळ्याखाली आकडा. काही खिळ्यांवर बिल्ले, काही रिकामे.

"पाळीला आलेला माणूस आपला नंबर पुकारतो. कारकून बिल्ला काढून देतो. तो घेऊन माणूस खाली. वर आला की बिल्ला परत खिडकीत. कारकून नंबर पुकारतो आणि लावतो. पाळी संपली आणि खिळा रिकामा दिसला, तर माणूस खालीच हाय. मग शोधायला लोक उतरतात. अस्का भरवसा या खिळ्यावर."

अस्का म्हणजे आमच्या बोलीत सगळा. मी फळीकडे पाहत राहिलो. चारशे सोळावर बिल्ला होता, चारशे अठरावर होता. त्यांच्यामध्ये फक्त भोक, खिळाच नव्हता.

राव हळू बोलू लागले. कावेरी तेव्हा दहा वर्षांची होती. दुपारची पाळी सुटायच्या वेळी वडिलांचा डबा घेऊन यायची. तिला आकडे आवडायचे. स्टुलावर चढून बिल्ले लावून द्यायची. भराभर, एकही चूक नाही. अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, कौतुक. एक दिवस अप्पा हात धुवायला मागे गेले. रांग मोठी होती. एका माणसाने दोन बिल्ले पुढे केले. एक त्याचा, एक जोडीदाराचा. जोडीदार मागून येतोय म्हणाला. नियमात बसत नव्हतं, पण सगळे करत. रांगेत उभं राहणं वाचे.

"पोरीनं दोन्ही लावले," राव म्हणाले. "जोडीदाराचा डबा खाली राहिला होता. तो आणायला तो परत आत गेला. तेवढ्यात खडक फुटला. कालच्यासारखा, पण मोठा. आम्ही फळी पाहिली. अस्के खिळे भरलेले. कुणी खाली नाही. म्हणून कुणी उतरलं नाही."

"आणि तो दुसरा माणूस? ज्याने बिल्ला दिला?"

"त्याच संध्याकाळच्या गाडीनं लग्नाला गावी गेला. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा कळलं. तोवर खाली राहिलेल्याची बायको दोन दिवस या खिडकीशी येत होती. आणि आम्ही तिला सांगत होतो, बिल्ला वर हाय, म्हणजे नवरा वर हाय. ताडीच्या दुकानात बघ."

राव फळीकडे वळले. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, तो त्याच क्षणी गेला असेल. डॉक्टर तसंच म्हणतात."

"चौकशी?"

"अप्पांनी लिहून दिलं, बिल्ला मीच लावला. कोठारात बदली झाली, बढती संपली. शेजारच्या खिडकीत मी होतो. मी पाहिलं होतं, तो हात पोरीचा. आजवर कुणाला बोललो नाही. अंबालाही नाही. अप्पांनी स्वतःच्या हातानं तो खिळा उपटला. नंबर पुन्हा कुणाला दिला नाही."

मी विचारलं, "कावेरीला कळलं होतं?"

"तुमच्या घरात खिळा कोणी ठोकला?" राव म्हणाले.

मारिकुप्पम

खाली राहिलेल्या त्या माणसाचं नाव मुनुसामी. त्याची विधवा मुनियम्मा अजून आहे, मजुरांच्या ओळींत, रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाजवळ. राव आले नाहीत. म्हणाले, "मला ती ओळखते. ताडीचं दुकान मीच सांगितलं होतं."

त्या ओळी म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या, पत्र्याच्या खोल्या, पाठीला पाठ लावून. या गावात वीज बंगळुरात यायच्या आधी आली, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि अभिमानाने तसं लिहिलेलं होतं. मुनियम्माच्या खोलीत रॉकेलची चिमणी होती.

ती साठीची बाई असेल, उंच, कानांची भोकं लोंबलेली, त्यांत काही नाही. मी कोण ते तमिळमध्ये सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आत वळून सुनेला म्हणाली, "सामी आलेत. दुकानातून सोड्याची बाटली आण, बूच न काढलेली."

बूच न काढलेली, म्हणजे तिच्या घरचं पाणी लागलेलं नाही. आमच्यासारख्या ब्राह्मणांना असंच द्यायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मी म्हणालो, "अम्मा, घरात जे असेल ते चालेल." ती म्हणाली, "पाप्पा पण असंच म्हणाली होती." पाप्पा म्हणजे लहान मुलगी; ती कावेरीबद्दल बोलत होती. सुनेने नाचणीची पातळ आंबील आणून दिली, कांदा आणि मिरची बाजूला. मी प्यालो. मग बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवला.

तिला वाचता येत नाही. तिने अंगठा आकड्यावरून फिरवला. चार, एक, सात. डोळे मिटलेले.

"म्हणजे पाप्पा गेली," ती म्हणाली.

मी महिना सांगितला, वार सांगितला. तिने विचारलं, "त्रास झाला?" मला माहीत नव्हतं. मी तेच सांगितलं.

मग तिने सांगितलं. लग्नाच्या आठ दिवस आधी कावेरी एकटी तिच्या दारात आली होती. सगळं बोलली. बिल्ला मी लावला, अप्पांनी नाही. "मी तिला एक थोबाडीत दिली," मुनियम्मा म्हणाली. "जोरात. बामणाची पोर, लग्न ठरलेली, गालावर बोटं उठली. ती तशीच उभी. मग मीच रडले. मग तीही रडली. मग आंबील दिली, आता तुम्ही प्यालात ना, तीच."

"आणि बिल्ला?"

"तो तिच्या बापानं मला आणून दिला होता, माझ्या माणसाच्या डब्याबरोबर. मी डब्यातच ठेवला होता. मी तिला म्हटलं, ने. तुझा माणूस कामाला जाईल तेव्हा त्याच्याजवळ दे. आला की त्याच्याच हातानं लावू दे. तू हात लावू नकोस. कुणाच्या वतीनं कुणाचा बिल्ला लावायचा नाही. पाळी संपली की खिडकीत परत आणून दे." तिने स्वतःच्या दाराकडे बोट दाखवलं. "ही खिडकी."

मी इतकी वर्षं तो नियम बालिश समजत होतो, हे तिला सांगितलं. एकदा मित्रांत बसून त्यावर विनोद केला होता, तेही सांगितलं. कावेरी तेव्हा चहा देत होती. ती हसली होती. मग जी गोष्ट सांगायची नव्हती तीही तोंडातून निघाली.

"अम्मा, त्या दिवशी मी तो लावला नाही. घरी आलो, पण लावला नाही. तेरा दिवस खिशात होता."

सून चुलीपाशी उभी होती, तिने फुंकणी खाली ठेवली. मला वाटलं, आता माझ्याही गालावर बोटं उठतील, आणि ते बरं होईल.

"बिल्ला ज्याच्या खिशात, तो खाली," मुनियम्मा म्हणाली. "फळीचा हिशोब हाच ना? मग पाप्पाची पाळी संपली, ती वर आली. खाली तुम्ही राहिलात."

तिने बिल्ला माझ्या हातात परत दिला. मला कळेना. ती उठली, चौकटीजवळ गेली. तिथे देवाच्या कोनाड्याखाली एक खिळा होता, जुना, गंजलेला, रिकामा.

"लावा," ती म्हणाली. "माझ्या हातानं नाही. तुमच्या."

मी उठलो. खोली लहान होती, दोन पावलं. खिळा तिच्या उंचीचा होता, मला टाचा उचलाव्या लागल्या. बिल्ला अडकवला. तो थोडा हलला आणि थांबला.

मुनियम्माने नंबर पुकारला, तमिळमध्ये, खिडकीशी पुकारतात तसा मोठ्याने. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. काय उत्तर द्यायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. सुनेने हळूच सांगितलं. मी तो शब्द म्हणालो. त्याचा अर्थ 'आहे' एवढाच होतो.

माम्बलम

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. अंबाबाईंनी केळीच्या पानात डांगर बांधून दिलं होतं. काटपाडीपर्यंत ते आंबलं, तरी खाल्लं. राखाडी डाग धोतरावरून गेला नाही. ते धोतर मी अजून वापरतो.

रावांना सविस्तर लिहिलं. मुनियम्माने ताडीच्या दुकानाचं काही म्हटलं का, असं त्यांनी उलट विचारलं. मी कळवलं, नाही. त्यानंतर त्यांचं कार्ड आलेलं नाही.

कॉलेजला पूर्वीसारखा जातो. सकाळी निघताना हात चौकटीकडे जातो. संध्याकाळी आल्यावर खिशाकडे. दारात कुणी उभं नसतं.

चौकटीत खिळा आहे.